मे महिन्यातले हातमोजे

परभणीचा मे महिना म्हणजे काय, हे परभणीकरांना सांगायची गरज नाही. अंगावरचा सदराही नकोसा होतो, कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात आणि भर दुपारी रस्त्यात कुणी दिसलाच, तर त्याच्या घरी काहीतरी बिनसलंय असं समजावं. अशा उन्हात आमचे सर हातात जाडजूड हातमोजे घालून बसत. साधे नव्हेत, बर्फातल्या जवानांचे. बाहेरून चामडं, आतून लोकर आणि मनगटाच्या पार वर पोचणारे. सेलूच्या एका बंद पडलेल्या, कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली, कपाळावरून घामाच्या धारा वाहतायत आणि हे गृहस्थ मांडीवर एक काळा डबा घेऊन त्यावरची बटणं एकेक करून दाबतायत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, ऊन लागलं बिचाऱ्याला.

मलाही तेच वाटलं होतं. इंजिनियरिंग संपवून मी सेलूला घरी बसले होते आणि कुणीतरी सांगितलं म्हणून नोकरी विचारायला त्या शेडमध्ये गेले होते. सरांनी माझ्या प्रमाणपत्रांकडे पाहिलंसुद्धा नाही. हातमोज्यांचा दुसरा जोड माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "हे घाल, आन् तुज्या मोबाइलवरून आईला फोन लाव." मी घातले. बोटं लाकडाच्या ओंडक्यासारखी झाली. एक दाबायला जावं तर तीन दाबली जात होती. आईच्या ऐवजी फोन लागला तो आमच्या जुन्या घरमालकांना. सर शांतपणे बघत होते. म्हणाले, "सांग पोरी, चूक कुणाची? तुजी का मोबाइलची?"

मी घामानं निथळतच म्हणाले, "मे महिन्याची."

सर इतके हसले की डबा मांडीवरून घसरला. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

सरांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. पानवाल्यापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना हातमोजेवाले सरच म्हणत. मूळचे ते देवगाव फाट्याजवळच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. शिकून मोठ्या शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत गेले आणि सैन्यासाठी यंत्रं बनवण्यात केस पांढरे केले. निवृत्त झाल्यावर लोक शहरात फ्लॅट घेतात. सरांनी सेलूत जिनिंगची शेड घेतली. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मूळच्या पिंगळीच्या आणि जिभेच्या तिखट. आम्ही घरी गेलो की सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर काशी-रामेश्वर करतेत. आमचे हातमोजे घालून भाकर खातेत."

आणि ते खरंच खात. हातमोज्यांवर धुतलेला रुमाल गुंडाळून ते ज्वारीची भाकरी मोडायचे आणि आम्हाला दाखवायचे. "बगा. भाकर मोडती. मिरची उचलती. मंग तुमचंच बटण कसं काय दबत न्हाई?" भाकरीचा हा दाखला आम्ही इतक्या वेळा ऐकला होता की शेवटी शेवटी मला भाकरीचाच राग यायला लागला.

या हातमोज्यांमागची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितली, तीही एकदाच. तरुणपणी त्यांनी जवानांसाठी बोलायचा एक बिनतारी संच बनवला होता. प्रयोगशाळेतल्या सगळ्या चाचण्यांत तो पहिला आला. आवाज स्वच्छ, वजन कमी, पल्ला लांबचा. सरांचा सत्कार झाला, शाल मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढं काही वर्षांनी सरकारी कामानं ते बर्फातल्या एका चौकीवर गेले. मोठ्या हौसेनं त्यांनी विचारलं, "आमचा संच कुठाय?" चौकीवरच्या एका जवानानं पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली, वरचे कपडे काढले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला संच बाहेर काढला. नवाकोरा. जवान आदबीनं म्हणाला, "बहुत बढ़िया सेट है साहब. इसीलिए सँभाल के रखा है।"

सरांना आधी कळलंच नाही. मग त्या जवानानं आपले हातमोजे काढून सरांना घालायला दिले आणि संच त्यांच्या हातात ठेवला. सरांना स्वतःच बनवलेल्या संचाचं एकही बटण नीट दाबता आलं नाही. हातमोजे काढावेत तर त्या थंडीत बोटं जायची. जवान रोज जुनाच, जड, खरखर करणारा संच वापरत होते, कारण त्याच्या कळा अंगठ्याएवढ्या होत्या. निघताना सरांनी ते हातमोजे मागून घेतले. "शाल कुठं गेली ते मला ठावं न्हाई," सर म्हणाले, "पन हातमोजे म्या जपून ठिवलेत."

त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. आपल्या हातची एक तरी वस्तू जवानाच्या हातात असली पाहिजे, पेटीत नाही. बाकी त्यांना काही नको होतं. शेड त्यासाठी होती, आम्ही पाचसहा जण त्यासाठी होतो आणि तो काळा डबाही त्यासाठीच होता.

डबा काय करायचा ते सांगते. डोंगराच्या पलीकडं काय चाललंय ते बघायला एक छोटं उडतं यंत्र, म्हणजे ड्रोन, वर सोडतात. ड्रोन दुसऱ्या लोकांचा, तो चालवायचा डबा आमचा. सगळ्यांचे असे डबे म्हणजे एक मोठा पडदा आणि त्याला चिकटलेला माणूस. सरांचं म्हणणं वेगळं होतं. जवान चौकीवर उभा असतो तो समोर बघायला. त्याचे डोळे आपण पडद्यासाठी मागून घेतले, तर डोंगरापलीकडचं दिसेल आणि नाकासमोरचा निसटून जाईल. म्हणून आमचा डबा गप्प असायचा. पलीकडं काही हललं की तो हातात थरथरायचा. तेव्हाच खाली त्याच्या छोट्या पडद्यावर बघायचं, एरवी डोळे समोर. आणि कळा अशा की न बघता ओळखू याव्यात. एक सुपारीसारखी गोल, एक चिंचोक्यासारखी चपटी, एक बोराटीच्या काट्यासारखी वर आलेली. अर्थात हातमोज्यातून कळायच्या म्हणून सगळ्या चांगल्या अंगठ्याएवढ्या.

सरांच्या कामाची एक रीत होती, तशी मी पुढं कुठंच पाहिली नाही. नवीन डबा तयार झाला की तो एखाद्या परक्या माणसाच्या हातात द्यायचा आणि त्याला एक शब्दही समजावून सांगायचा नाही. पहिल्याच चाचणीत मी समजावायला लागले. "काका, हे गोल आहे ना, ते उजवीकडं फिरवलं की..." सरांनी मला हात धरून बाजूला नेलं. दुसऱ्या चाचणीत मी ओठ दाबून उभी राहिले, पण हातांनी खुणा केल्या. तिसऱ्या चाचणीच्या आधी सरांनी कोपऱ्यावरून पानांचा पुडा मागवला आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडात एकेक भरगच्च पान कोंबलं. "आता बोला," म्हणाले. बोलणार कसं? बोललो असतो तर डब्यावर रंगपंचमी झाली असती.

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. चाचणी म्हणजे पान. सरांचं पान कडक, आमची गोड. कोपऱ्यावरचा पानवाला सकाळीच विचारायचा, "आज ट्रायल हाय जनू?" मी लाल ओठांनी घरी जायला लागले तेव्हा आईनं दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कुणाकुणाची लग्नं खायलीस गं?" सैन्याचं काम आहे, असं सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. सैन्यात पोरी पान खाऊन जातात हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

चाचणी संपली की पानं थुंकायची आणि सर एकच प्रश्न विचारायचे. डबा कसा वाटला, असं त्यांनी कधीही कुणाला विचारलं नाही. त्यांचा प्रश्न होता, "काय दिसलं?"

या प्रश्नाचा पहिला चटका आम्हाला गोदाबाईनं दिला. गोदाबाई शेडमागच्या माळावर शेळ्या चारायची. आवाज खणखणीत, तोंड फाटकं. सरांनी तिच्या हातात डबा दिला, म्हणाले, "गोदाबाई, ह्यो घिऊन नेहमीसारखं चारून ये." तासाभरानं ती परतली ती तणतणतच. सरांनी विचारलं, "काय दिसलं?"

"काय दिसंल डोंबल! ह्या डबड्याकडं बगायलेते, तवर माजी शेळी त्या देशमुखाच्या हरबऱ्यात शिरली की! त्यो माणूस आता माज्या नावानं बोंबलायलाय."

आम्ही माना खाली घातल्या. सर मात्र खुलले. "नापास," ते टाळी वाजवून म्हणाले, "आपुन नापास!" आणि तसेच हातमोज्यांनिशी हरभऱ्याच्या मालकाची माफी मागायला गेले. तो गडी त्यांचे हात बघूनच भांडण विसरला.

गोदाबाईचं आणि सरांचं पुढं चांगलं जमलं, म्हणजे दोघं रोज भांडत. सरांनी शेडच्या दारात कडुलिंबाचं रोप लावलं होतं. चाचणीला येणाऱ्या माणसाला पुढंमागं सावली हवी, असा त्यांचा हिशेब. ते पहिलं रोप गोदाबाईच्याच शेळीनं शेंड्यापासून बुडापर्यंत फस्त केलं. सर संतापून ओरडले, तर ही म्हणते, "तिला ट्रेनिंग द्या न्हवं!" सरांनी दुसरं रोप लावलं, भोवती बोराटीच्या फांद्यांचं कुंपण केलं आणि तिला बजावलं, "ह्याला तोंड लावलं तर शेळी शेडमधी बांधून ठिवीन." एकदा तिनं डब्याला शेळीचं दावं बांधून तो गळ्यात अडकवला, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. सरांनी डब्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पुढच्या डब्याला पट्टा आला. बाई त्यावर खूश होईल असं वाटलं, तर तिनं आपलं दावं परत मागितलं.

ट्रेनिंग हा शब्द तिनं उगीच नव्हता काढला. त्या शब्दावर सरांचा दात होता. माझ्याबरोबर सचिन नावाचा एक हुशार मुलगा होता, परभणीचा. एक कळ लोकांना सापडत नव्हती तेव्हा तो सहज म्हणाला, "सर, एवढं काय? दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं की येईल जवानांना." सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ट्रेनिंग म्हंजे काय रे? आपुन चूक करायची आन् तिची शिकवनी त्या पोरानं बर्फात लावायची?" मग त्यांनी सचिनच्या पाठीवर सरकीचं पोतं दिलं आणि शेडभोवती पळायला लावलं. तो धापा टाकत आला तसा डबा त्याच्या हातात दिला. "दाब आता. जवान काय एसीत बसून दाबनार हाय?" सचिनला त्याची स्वतःची कळ सापडली नाही. त्या आठवड्यात त्यानं ती कळ बदलली आणि नंतर कित्येक दिवस पाठ चोळत फिरला.

सर चिडके होते, यात शंका नाही. बैठकीला वेळेवर येत नसत, आले तर टिकत नसत. आवडले नाहीत ते डबे त्यांनी शेडच्या माळ्यावरून खाली टाकलेत. आमच्या महिनाभराच्या कामाचा चुरा होताना बघून मी एकदा रडले. तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "रड. पन आपल्या डब्यापायी वर कुनाची आई रडू ने." मग स्वतःच खाली बसून तुकडे गोळा करू लागले, हातमोजे घालून. एक बारीक स्क्रू त्यांना उचलता येईना. मी रडता रडता हसले आणि तो उचलून दिला.

असा तो डबा होत होत एकदाचा झाला. गोदाबाईनं तो गळ्यात अडकवून माळ पालथा घातला आणि आल्या आल्या तीन मळ्यांच्या बातम्या दिल्या. कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली, कोण कुणाशी बोलत उभं होतं. डब्याबद्दल चकार शब्द नाही. सरांनी डोळे मिटून घेतले. "पास," म्हणाले.

आणि मग सैन्याकडून बोलावणं आलं. हिवाळ्यात, उत्तरेतल्या उंच डोंगरावर चाचणी होती. आमच्यासमोर मोठ्या शहरातली एक मोठी कंपनी होती. दोन्ही डबे जवानांच्या हातात देऊन बघणार होते. आम्ही नापास झालो तर शेडला कुलूप लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्याहून मोठी गोष्ट फक्त मला आणि काकूंना माहीत होती. सरांचं हृदय थकलं होतं. पुन्हा नव्यानं एखादी वस्तू घडवण्याइतकं आयुष्य त्यांच्या हाती उरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी उंचावर जायला साफ मनाई केली होती. म्हणजे ज्या दिवसाची त्यांनी इतकी वाट बघितली, त्या दिवशी ते सेलूत बसणार आणि मी आणि सचिन तिथं असणार.

स्टेशनवर ते पोचवायला आले. मला वाटलं, खूप सूचना देतील. त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, "सर, तिथं पोचेपर्यंत वाळून जातील."

"वाळू दे. गप बसायला ताजं पान कशाला लागतंय?" गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चालत होते. "पोरी, त्यो जवान चुकंल. नक्की चुकंल. तवा तुजा जीव लय तुटंल. बोलू नको."

चौकीवर पोचलो तेव्हा थंडी काय असते ते मला कळलं. परभणीच्या मेमध्ये आम्ही ज्या हातमोज्यांना इतक्या शिव्या दिल्या होत्या, तेच हातमोजे तिथं देवासारखे वाटले. कर्नलसाहेब उंचपुरे, कमी बोलणारे. आधी त्या मोठ्या कंपनीची पाळी होती. त्यांच्या माणसानं सुंदर इंग्रजीत सगळं समजावलं. त्यांचा पडदा खरोखरच देखणा होता, मी खोटं कशाला बोलू. त्यांचा जवान डबा घेऊन उतारावर गेला, परत आला आणि तोंडभरून बोलला. चित्र किती स्वच्छ, रंग किती खरे, डोंगरापलीकडं उभी केलेली दोन माणसं आणि खेचर कसं स्पष्ट दिसलं. कंपनीची माणसं एकमेकांकडे बघून हसली.

मग आमची पाळी. दुसरा जवान पुढं आला, पाठीवर भरलेली पिशवी, हातात हातमोजे. कर्नलसाहेब म्हणाले, "समझाइए।"

मी म्हटलं, "सर, हमारे यहाँ समझाने का रिवाज नहीं है।" आणि खिशातलं वाळकं पान तोंडात कोंबलं. सचिननंही कोंबलं. कर्नलसाहेबांच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या.

जवानानं डबा हातात घेतला, तो उलटा! वरची बाजू खाली. सचिननं माझा दंड असा धरला की पुढं आठवडाभर दुखत होता. माझ्या तोंडात ते कडकडीत पान, घशात शब्द आणि कानात सरांचं वाक्य. जवानानं डबा उलटाच थोडा वेळ न्याहाळला. मग पट्टा दिसला, तो त्यानं सवयीनं गळ्यात घातला आणि डबा लोंबकळून आपोआप सरळ झाला. त्याचा अंगठा खाली आला तो सुपारीसारख्या कळेवर. फिरवली. ड्रोन वर गेला. जवानानं डब्याकडं पाहिलंही नाही, तो ड्रोनकडं बघत होता. मग तो वळला आणि उतारावरून दिसेनासा झाला.

तो परत येईपर्यंत मी जगातल्या सगळ्या देवांची नावं मनात घेतली. तो आला. कर्नलसाहेबांनी विचारलं, "कैसा है डिब्बा?"

"ठीक है साहब।"

एवढंच. कंपनीच्या माणसांनी माना वळवल्या. सचिन जमिनीकडं बघायला लागला. मी पान एका गालात सारलं आणि पुढं होऊन सरांचा प्रश्न विचारला, "क्या दिखा?"

आणि त्या जवानाचा चेहरा उजळला! "मॅडम, सामने की ढलान पे लोमड़ी थी! मुँह में कुछ पकड़ के जा रही थी, बार-बार पीछे देखती थी। ऊपर वाली चट्टान से बर्फ खिसकी है साहब, कल वहाँ से गश्त मत भेजिए। और नाले में अपने ही दो लड़के बैठे बीड़ी पी रहे थे।" मग आठवल्यासारखं म्हणाला, "हाँ, और पहाड़ के पीछे दो आदमी, एक खच्चर। डिब्बा काँपा था, तब देखा।"

कर्नलसाहेब पहिल्या जवानाकडं वळले. "तुम्हें सामने क्या दिखा?"

तो गडी प्रामाणिक. म्हणाला, "साहब, सामने देखने का टाइम नहीं मिला।"

त्यानंतर कुणालाच काही समजावून सांगायला लागलं नाही. आम्ही डबा परत घ्यायला गेलो तर कर्नलसाहेबांनी हात आडवा केला. "ये यहीं रहेगा।" मी वळून पाहिलं. तो जवान पुन्हा पहाऱ्याला निघाला होता आणि आमचा डबा त्याच्या गळ्यात होता. त्याची लोखंडी पेटी मागं पलंगाखालीच राहिली होती, बंद. मी तिथं सगळ्यांसमोर रडले आणि पानामुळं नीट रडताही येईना.

खाली उतरल्यावर फोन लागला. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "काय दिसलं?"

"कोल्हा, सर. समोरच्या उतारावर. तोंडात काहीतरी धरून चालला होता. मागं वळून वळून बघत होता."

पलीकडून असा आरडाओरडा ऐकू आला की मी फोन कानापासून लांब धरला. पुढचं काकूंनी सांगितलं. सर हातमोज्यांनिशी रस्त्यावर धावले. पानवाला, कापूस बाजारातले हमाल, बँकेतले साहेब, जो भेटेल त्याला धरून सांगू लागले, "कोल्हा दिसला! आमच्या जवानाला कोल्हा दिसला!" अर्ध्या सेलूला वाटलं, आता मात्र ऊन लागलं. पण थंडीचे दिवस होते. पेढे वाटले, पानं वाटली. गोदाबाई पेढा खाऊन म्हणाली, "कोल्हा दिसल्यावं पेढं? आमाला तर रोज दिसतंय." सर म्हणाले, "तुला दिसतंय गं बाई. तेच तर करायचं व्हतं. त्यालाबी दिसाय पायजे व्हतं."

पुढं शेडमध्ये कामाला माणसं वाढली, माळा दुरुस्त झाला, डबे वर जात राहिले. सर तीन हिवाळे अजून होते. चिडणं तेवढंच, भाकरीचा दाखला तोच. गेले ते झोपेत, कुणाला काही समजावून न सांगता. समाचाराला आलेले लोक विचारत, सर नेमकं काय बनवायचे हो? मी म्हणायचे, डबा. त्यांना ते काही पटायचं नाही. तेराव्यानंतर काकूंनी हातमोजे माझ्या पुढ्यात ठेवले. "मला वाटलं व्हतं, त्येंच्यासंगंच द्यावेत. मंग म्हनलं, नगं. तुला मे महिन्यात लागतेल." आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो. मला ते फार आठवतात आणि चिडलेले जास्त आठवतात.

या चैत्रात आमचा नवा डबा तयार झाला. सचिन, मी आणि नवी मंडळी असे रांगेत उभे राहिलो, तोंडात पानं घेऊन. आता कडक पान मी खाते. गोदाबाईनं डबा गळ्यात अडकवला. आता ती थकली आहे, शेळ्याही कमी झाल्यात, पण तोंड तसंच आहे. "बोलू नगा, ठावं हाय मला," असं आम्हालाच बजावून ती माळावर गेली. उन्हं चढेपर्यंत आम्ही उभे होतो. ती परत आली, शेडच्या दारात थांबली आणि डबा गळ्यात आहे हे विसरूनच वर बघायला लागली. मी प्रश्न विचारायला पान थुंकणार, तेवढ्यात तीच म्हणाली,

"ताई, सराच्या लिंबाला औंदा फुलं आल्यात की गं. तुमाला कुनालाच दिसली न्हाईत व्हय?"

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पांढरा बारीक फुलोरा, सगळ्या फांद्यांवर. रोज त्याच्या खालून येत-जात होतो. माझ्या तोंडात पान होतं, मला बोलता येईना. मी सरांचा हातमोजा घातलेला हात वर करून डबा पास केला.